जाणत्याने गप्प बसावे

मराठी घरात एखादा तरी हौशी माणूस असतोच. कुणी पेटी वाजवतो, कुणी गणपतीत नाटक बसवतो, कुणी पंगतीत नकला करून वऱ्हाडाला हसवतो. आणि अलीकडे खिशात पत्त्यांचा जोड बाळगणारा, पोराच्या कानामागून नाणे काढून दाखवणारा एखादा काका किंवा मामाही पुष्कळ घरांतून दिसू लागला आहे. हौस ही चांगली गोष्ट आहे. हौशी माणसे नसती तर आपली रंगभूमी केव्हाच ओस पडली असती, आणि गाण्याच्या बैठकांना श्रोता मिळाला नसता. तेव्हा हौशी माणसाला नावे ठेवण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. मला बोलायचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. एकच कला एकजण हौसेसाठी करतो आणि दुसरा पोटासाठी करतो. हे दोघे एका मांडवात समोरासमोर आले म्हणजे हौशी माणसाने कसे वागावे, हा प्रश्न आहे.

गाण्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आपल्या वडीलधाऱ्यांनी देऊन ठेवले आहे. जादूच्या बाबतीत ते आपल्याकडे कुणी दिलेले नाही, आणि त्यामुळे ज्या गोष्टी गाण्याच्या बैठकीत कुणी स्वप्नातही करणार नाही, त्या जादूगारापुढे चांगली शिकलेली माणसे खुशाल करतात.

मी स्वतः जादूगार नव्हे. गाण्याचा मास्तर आहे. माझे वडील सनई वाजवीत. १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. पण दरबार गेला तरी राजवाड्यातले सणवार गेले नाहीत, आणि त्या सणवारांची हजेरी त्यांच्याकडे अखेरपर्यंत होती. गावात त्यांना दरबारी वादक म्हणूनच ओळखत. बिदागी घेऊन कला दाखवणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढलो, म्हणून त्या माणसाच्या बाजूने दोन शब्द बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो.

गोडादऱ्यातला जादूगार

गेली काही वर्षे मी रविवारी सुरतेला शिकवण्यांसाठी जातो. सुरतेच्या पूर्वेकडे गोडादरा म्हणून वस्ती आहे. लिंबायत, दिंडोली, परवत पाटिया यांच्या शेजारची. जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूंची हजारो कुटुंबे यंत्रमाग, भरतकाम आणि कापड बाजार यांच्या आधाराने तिकडे राहिली आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गाने ही माणसे आली आणि आपली भाषा, आपले देव, आपले सणवार बरोबर घेऊन आली. घराघरांतून अहिराणी ऐकू येते, आणि गणपतीचे दिवस आले म्हणजे गल्लोगल्ली मांडव पडतात. आपण दांडिया बाजारातली आणि रावपुऱ्यातली जुनी मंडळी ‘गुजरातेतले मराठी’ म्हटले की स्वतःकडे बोट दाखवतो. गोडादऱ्यातल्या मराठी माणसाची आपल्याला क्वचितच आठवण होते.

त्या वस्तीत एक जादूगार राहतो. दिवसा तो कापड बाजारात साड्यांच्या घड्या घालण्याचे काम करतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मंडळांचे कार्यक्रम आणि पुढे वर्षभर वाढदिवस अशा कामांवर त्याच्या घरातला वरचा खर्च चालतो. मुलीची शाळेची फी त्यातूनच जाते. खेळ फार मोठे नाहीत. दोर, रुमाल, तीन वाट्या, पत्ते, रिकाम्या डब्यातून निघणाऱ्या कागदी फुलांच्या माळा. पण हात स्वच्छ आहे, बोलणे गोड आहे, आणि पोरे त्याच्यापुढे तास-दीड तास हालत नाहीत.

दोन वर्षांमागे त्याचा गणपतीतला एक कार्यक्रम मी पाहिला. मंडळाने वर्गणीतून बिदागी ठरवून त्याला बोलावले होते. पुढच्या रांगेत मंडळाला मोठी देणगी देणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव बसले होते. हा तरुण हौशी जादूगार. मोबाईलवर चित्रफिती पाहून शिकलेला आणि परदेशी सामान मागवणारा. तिसऱ्या खेळापासून त्याने आपले ज्ञान वाटायला सुरुवात केली. ‘दुसऱ्या हातात बघा,’ ‘पत्ता आधीच ठरलेला आहे,’ असे तो शेजारच्यांना सांगू लागला, आणि त्याचे सांगणे पाच रांगांपर्यंत पोहोचत होते. पुढे जादूगार पुढच्या खेळाचे सामान लावायला पडद्यामागे गेला तेव्हा हे चिरंजीव स्वतःच व्यासपीठावर चढले आणि नुकताच झालेला खेळ त्यांनी करून दाखवला, वर उलगडूनही दाखवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कार्यकर्त्यांनाही मोठी मौज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या जादूगाराशी बोललो. तो रागावलेला नव्हता. एवढेच म्हणाला, ‘सर, एखादा खेळ फसला असता तरी मी सावरून घेतला असता. पण पोरांनी माझ्याकडे बघायचंच सोडलं. सगळी त्याच्याकडे बघत होती.’ पुढच्या वर्षी त्या मंडळाने त्याला बोलावले नाही. आपल्याच घरचा मुलगा फुकट करून दाखवतो, मग पैसे कशाला घालवायचे, असा साधा हिशेब झाला. त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हते हे मी मान्य करतो. त्याला कुणी रीत शिकवलेली नव्हती, एवढेच.

गाण्यातला जाणकार आणि जादूतला जाणकार

आता गाण्याची रीत पाहा. बैठकीत वडील गवई शेवटी गातो. त्याच्या आधी गाणारा, उपस्थित बुजुर्गांची इजाजत घेतल्यावाचून षड्ज लावीत नाही. एकाने गायलेला राग त्याच बैठकीत दुसरा पुन्हा घेत नाही. गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात जातो. हौशी गायकाला ज्याच्याकडून शिकायचे आहे त्याच्या मागे तंबोरा घेऊन बसावे लागते, आणि तिथे बसूनच तो निम्मे गाणे उचलतो. गवयाचा सूर एखाद्या वेळी हलला तर समोरचा जाणता श्रोता शेजाऱ्याकडे वळून पाहत नाही. यांतले काहीही कायद्यात लिहिलेले नाही. पण ते मोडणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावणे येत नाही.

ही रीत जादूला जशीच्या तशी लावता आली असती तर लेख इथेच संपला असता. पण या दोन कलांत एक मोठा भेद आहे, आणि तो ध्यानात न आल्यामुळेच सगळा घोटाळा होतो. गाण्यात जाणकार श्रोता असला म्हणजे बैठक रंगते. समेवर येताना त्याची मान हलते, एखादी अवघड जागा निघाली की त्याच्या तोंडून ‘वा!’ जाते, आणि त्या दादेने शेजारच्या अजाण श्रोत्यालाही कळते की काहीतरी विशेष घडले. गाणे जितके उलगडावे तितके ते गोड होते. जादूचे याच्या उलट आहे. तिथे न जाणणारा माणूस हाच खरा श्रीमंत प्रेक्षक. जाणणाऱ्याने नको त्या क्षणी मान हलवली, ओठांच्या कोपऱ्यात हसू आणले किंवा जादूगाराच्या उजव्या हाताकडे पाहायचे त्या वेळी डाव्या हाताकडे पाहिले, तरी सगळा डाव उधळतो. गाण्याच्या बैठकीत जाणत्याने बोलावे आणि जादूच्या प्रयोगात जाणत्याने गप्प बसावे, असा हा भेद आहे. आपण मराठी माणसे गाण्याच्या संस्कारात वाढलेली. तीच जाणकारी मिरवण्याची सवय जादूगारापुढे घेऊन जातो, आणि ती तिथे विष होते.

गुपित कुठे असते?

यावर आजचा तरुण म्हणेल, ‘सगळी गुपिते मोबाईलवर उघडी पडली आहेत. मी न सांगितल्याने काय वाचणार आहे?’ प्रश्न योग्य आहे, आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

आपल्याच शहराच्या इतिहासात याचे उत्तर आहे. खाँसाहेब लोक चिजा लपवून ठेवीत, शिष्यालाही सहजी देत नसत. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली आणि गाणे सर्वांसाठी वर्गात शिकवले जाऊ लागले. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यालाच भरली, तिच्यामागे पंडित भातखंडे होते. आणि याच भातखंड्यांनी पुढे शेकडो चिजा स्वरलिपीसह छापून सहा भागांत लोकांपुढे ठेवल्या. चिजा छापल्या म्हणून फैयाज खाँसाहेबांच्या बैठकीची गर्दी ओसरली का? १९५० साली ते गेले तोवर त्यांना ऐकायला लोटलेली माणसे माझ्या वडिलांनी लहानपणी पाहिली होती. पुस्तकातली चीज आणि खाँसाहेबांच्या गळ्यातली चीज या दोन वस्तू आहेत हे लोकांना ठाऊक होते.

जादूतही तसेच आहे. जगभर हिंडलेले पी. सी. सरकार यांनी स्वतः जादूवर पुस्तके लिहिली. जो माणूस पुस्तक उघडतो, चित्रफीत शोधून पाहतो, तो शिकण्याच्या इच्छेने तिथे गेलेला असतो. त्याने काही कुणाचे हिरावून घेतलेले नसते. मांडवात बसलेल्या पोराने मात्र गुपित मागितलेले नसते. तो अचंब्यासाठी आलेला असतो, त्याच्या बापाने त्यासाठी वर्गणी दिलेली असते, आणि ते अचंब्याचे दोन क्षण जादूगाराने वर्षावर्षांच्या मेहनतीने तयार केलेले असतात. तेवढ्या क्षणांत गुपित फोडणे म्हणजे त्या पोराच्या आणि जादूगाराच्या हातातली वस्तू हिसकावून घेणे होय. घरी जाऊन त्या पोराला खेळ शिकावासा वाटला तर तो शोधील. त्याला कुणाची आडकाठी नाही.

लंडनला मॅजिक सर्कल नावाची जादूगारांची जुनी संस्था आहे, १९०५ साली स्थापन झालेली. तिच्यात धंदेवाईक आणि हौशी दोन्ही प्रकारचे सभासद असतात, पण प्रवेशापूर्वी परीक्षा द्यावी लागते, आणि गुपित फोडणाऱ्याला बाहेरची वाट दाखवली जाते. हौशी आणि धंदेवाईक यांना एकाच बाकावर बसायचे असेल तर आधी तोंडाला कुलूप लावले पाहिजे, हे त्या लोकांनी ओळखले.

बुवाबाजीची गोष्ट वेगळी

इथे एक शंका कुणी काढील, आणि ती काढलीही पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बाबा-बुवांचे चमत्कार करून दाखवीत आणि त्यामागची युक्ती लोकांना समजावून सांगत. २०१३ साली दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. २०२४ मध्ये गुजरातनेही तसा कायदा केला. मग हातातून राख काढणाऱ्याचे गुपित फोडणे पुण्याचे, आणि हातातून फूल काढणाऱ्याचे फोडणे पापाचे, हे कसे?

फरक सरळ आहे. बाबा म्हणतो, ‘हे दैवी आहे,’ आणि त्या खोट्यावर आजाऱ्याला औषधापासून आणि बाईला तिच्या दागिन्यांपासून दूर नेतो. जादूगार तिकीट काढायला लावतो आणि आरंभीच सांगतो, ‘मी तुम्हाला फसवणार आहे, फसून घ्यायचे तर बसा.’ हा प्रामाणिक फसवणुकीचा करार आहे. अमेरिकेतला प्रसिद्ध जादूगार हुडिनी यानेच १९२० नंतरच्या वर्षांत मृतात्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या भोंदूंचे पितळ उघडे पाडले. पण रंगमंचावरच्या आपल्या धंद्याच्या गुपितांना तो जिवापाड जपत असे. त्याच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत झाली नाही. आपल्याही होऊ नये. भोंदूपुढे जाणत्याने बोललेच पाहिजे.

कमकुवत माणसाशी बरोबरी

हौशी माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो आणि धंदेवाईक जादूगार एकाच पायरीवर उभे नाहीत. मोठी नावे सोडून द्या. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे यांनी देशोदेशी प्रयोग केले, आणि त्यांच्या घरात मुलगा विजय आणि नातू जितेंद्र असा तीन पिढ्यांचा वारसा चालला. आपल्या गुजरातेत बगसऱ्याकडचे कांतिलाल वोरा, म्हणजे २०१२ साली निवर्तलेले के. लाल, यांची नाट्यगृहे भरत. अशा माणसांना पुढच्या रांगेतल्या चिरंजीवांनी काय करायचे! पण मंडळाच्या मांडवात आणि वाढदिवसाच्या खोलीत खेळ करणारा जादूगार हा फार कमकुवत माणूस असतो. त्याच्यामागे संस्था नाही, करारनामा नाही, निवृत्तिवेतन नाही.

त्याच्याही खालच्या पायरीवर रस्त्यावरचा गारुडी आणि मदारी. आपल्या देशातल्या जादूचे खरे जुने घराणे म्हणजे हीच माणसे. वाट्यांचा खेळ यांनीच शेकडो वर्षे जिवंत ठेवला. १९५९ चा मुंबईचा भिक्षाप्रतिबंधक कायदा, जो द्विभाषिक मुंबई राज्याचा म्हणून गुजरातच्याही वाट्याला आला, तो रस्त्यावर गाणे-नाचणे किंवा खेळ करून हात पसरणाऱ्याला भिकाऱ्यांतच मोजतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्याचा साप गेला. सापांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण टोपली रिकामी झाल्यावर गारुड्याने काय करावे याचा विचार कुणी केला नाही. हौशी माणूस चुकला तर हसून खाली बसतो आणि सोमवारी कचेरीत जातो. या माणसाचा प्रयोग पडला तर त्याचा पुढचा महिना पडतो. स्पर्धा करायचीच असेल तर ती ज्याच्याशी बरोबरी आहे त्याच्याशी करावी.

काय करावे, काय करू नये

आता नियमांकडे येतो. हे नियम माझे नवे नाहीत. बैठकीची रीत मी जादूच्या मांडवाला बेतून पाहिली आहे.

ज्या ठिकाणी बिदागी देऊन जादूगार बोलावला आहे त्या ठिकाणी हौशी माणसाने आपले पत्ते घरी ठेवावेत. जेवणाच्या पंगतीत, वाढदिवसाच्या केकभोवती, ‘काका, तुम्ही पण एक दाखवा ना’ असा आग्रह झाला तरी त्याने म्हणावे, ‘आज मी प्रेक्षक.’ आमच्या ओळखीचे एक सेवानिवृत्त बँक कारकून आहेत. चाळीस वर्षे ते हातचलाखी करतात, आणि अनेक धंदेवाईकांहून त्यांचा हात सफाईदार आहे. पण घरच्या लग्नात जादूगार आला तर ते मागच्या रांगेत बसतात, पहिली टाळी त्यांची असते, आणि नातवाने कानात विचारले तर म्हणतात, ‘मलाही कळले नाही रे!’ हे खोटे बोलणे मी सत्यनारायणाच्या प्रसादाइतके पवित्र मानतो.

प्रयोगापूर्वी जादूगाराजवळ जाऊ नये. तो मनात खेळ जुळवीत असतो. गवई तंबोरा लावीत असताना आपण गप्पा मारायला जात नाही, तसेच हे. त्याच्या मेजाला, पेटीला, रुमालाला हात लावू नये. त्याने व्यासपीठावर बोलावलेच आणि खेळ आपल्याला ठाऊक असला, तर त्याला हवा तसा साधा माणूस होऊन उभे राहावे; पत्ता घ्या म्हटले की घ्यावा, हुशारी करून त्याला अडकवू नये. ते जमत नसेल तर बसल्या जागेवरूनच नम्रपणे नाही म्हणावे.

खेळ फसला तर कुणाकडे वळून पाहू नये. प्रयोगानंतर तो सामान आवरीपर्यंत थांबावे. गर्दी पांगली की भेटून चांगले वाटलेले एखादे नेमके सांगावे. ‘हे कसे केले?’ असे विचारू नये. ‘कुणापाशी शिकलात?’ असे विचारावे. या प्रश्नाने कलावंताचा चेहरा उजळतो, आणि पुढचे पुष्कळसे तो आपण होऊन सांगतो. शिकायचेच असेल तर शिष्य होऊन, त्याच्या वेळेला, त्याच्या घरी, दक्षिणा घेऊन जावे. त्याने स्वतः रचलेला खेळ किंवा त्याचे खास बोलणे त्याच्या परवानगीवाचून आपल्या नावावर करू नये. घराण्याची खास चीज आपण अशी उचलीत नाही.

आणि शेवटचा नियम पैशाचा. तो सर्वांत अवघड आहे. जिथे धंदेवाईकाला बिदागी मिळाली असती तिथे हौशी माणसाने फुकट किंवा नाममात्र पैशात जाऊ नये. आपल्याला ते औदार्य वाटते. प्रत्यक्षात ते दुसऱ्याच्या ताटातले वाढून दिलेले असते. कुणी बोलावलेच तर धंदेवाईकाचे नाव आणि पत्ता द्यावा. आपला हात इतका तयार असेल की आपणच जावे असे वाटते, तर चालू दराने पूर्ण बिदागी घ्यावी आणि त्या दराला साजेसा प्रयोग करावा. मग तो माणूस हौशी उरला नाही, आणि कुणाची तक्रारही उरली नाही. रुग्णालयातली मुले, अनाथाश्रम, म्हातारपणामुळे घराबाहेर न पडू शकणारी माणसे, शाळेचा वर्ग, मित्राच्या घरची रविवारची संध्याकाळ, अशा ठिकाणी बिदागीचा प्रश्नच नसतो. तिथे हौशी माणसाने पोटभर खेळ करावेत. ते क्षेत्र त्याचेच आहे, आणि ते लहान नाही.

धंदेवाईकाच्या बाजूनेही एक देणे लागते. हौशी माणूस दिसला की ‘हा माझे काम खाणार’ म्हणून तोंड फिरवणारे जादूगार आहेत. त्यांनी हे विसरू नये की प्रयोगातली मेहनत खऱ्या अर्थाने फक्त हौशी माणसालाच दिसते. बाकीच्यांना फूल दिसते. त्या फुलासाठी किती रात्री गेल्या हे त्याला कळते. रीत पाळणारा हौशी माणूस भेटला तर त्याला जवळ बसवावे. उद्या चार घरांत शिफारस करणारा तोच असतो.

आपल्या घरांतली सवय

हे सारे मी हौशी माणसाला सांगितले. पण यजमानाला सांगितल्यावाचून लेख पुरा होत नाही. आणि यजमान म्हणजे आपणच, बडोद्याची जुनी घरे.

संस्थानी काळात कलावंताचे पोट दरबार भरीत असे. त्यासाठी कलावंत कारखाना नावाचे स्वतंत्र खाते होते; गवई, बीनकार, तंजावरच्या नर्तकी यांचे पगार तिथून होत. आपल्या आजोबा-पणजोबांनी थोर थोर कलावंत ऐकले ते बहुधा खिशाला हात न लावता. त्यात त्यांचा दोष नव्हता. व्यवस्थाच तशी होती. पण दरबार जाऊन पाऊणशे वर्षे झाली तरी कला फुकट मिळते ही समजूत आपल्या घरांतून गेलेली नाही. आपण मांडववाल्याशी, आचाऱ्याशी, फुलवाल्याशी ठरलेल्या दराने व्यवहार करतो, आणि कलावंताला मात्र विचारतो, ‘घरचेच कार्य आहे, किती घ्याल?’ आणि त्याने आकडा सांगितला की आपल्याला घरातला हौशी भाचा आठवतो.

गोडादऱ्यात घडलेला प्रसंग मी सांगितला. पण त्याच वस्तीतली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घड्या घालणाऱ्या, माग चालवणाऱ्या त्या माणसांनी आपल्या रोजंदारीतून वर्गणी काढून जादूगार बोलावला होता. त्याला बिदागी दिली पाहिजे हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. देणगीदाराच्या चिरंजीवांनी खेळ उलगडायला सुरुवात केली तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, ‘गप बस रे, बघू दे आम्हाला!’ मी या लेखात जे दोन हजार शब्दांत सांगतो आहे ते तिने सहा शब्दांत सांगितले होते. तिकडे अनेकांनी थोडे थोडे दिले होते म्हणून ते त्यांचे होते. आपल्याकडे दुसऱ्याने दिले होते म्हणून ते कुणाचेच नव्हते.

कार्याचे दिवस येत आहेत. मुंजी, लग्ने, साठीशांत. ज्यांच्या घरी जादूगार, सनईवाला, नकलाकार येणार असेल त्यांनी तीन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. बिदागी आधी ठरवावी आणि ती पाकिटात घालून, प्रयोग संपताच, त्याने न मागता हातात द्यावी. त्याला पाहुण्यांच्या पंगतीत जेवायला बसवावे. आणि घरातल्या हौशी काकांना आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगावे की उद्याचा दिवस त्या माणसाचा आहे. तुमच्यासाठी पुढच्या रविवारी दिवाणखान्यात सतरंजी घालू, सगळी पोरे जमवू आणि चहा-चिवडा ठेवू. काका खऱ्या हौसेचे असतील तर त्यांना याचा राग येणार नाही. ते रविवारची तयारी सुरू करतील.